अर्ध्या गोळीची बातमी

मंगळवार, ४ मार्च

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हिच्या तब्येतीचं रोज काहीतरी लिहून ठेवा. कंप्रेसरवाल्या कंपनीने नव्या वर्षाची डायरी फुकट दिली होती, तीच हाताशी धरली. दोन महिने इमानेइतबारे लिहितोय: झोप बरी, भूक बरी, चक्कर नाही. यातून कुणाला काय बोध होणार, देव जाणे. आज मात्र लिहिण्यासारखं आहे, आणि ते हिच्या तब्येतीबद्दल नाही. म्हणजे म्हटलं तर आहेही.

दुपारी दुकानात वहिनींचा फोन आला. वहिनी म्हणजे हिच्या दादाची बायको. त्या दुकानाच्या नंबरवर कधी फोन करत नाहीत, त्यामुळे आवाज ऐकताच हातातला पाना खाली ठेवला. मेहुण्यांच्या पोटात गाठ निघाली आहे. महिनाअखेरीला ऑपरेशन. डॉक्टर हातचं राखून बोलतात. गाठ निघेल म्हणतात, पण वय आणि हृदय बघता माणूस टेबलावरून उठेलच अशी हमी कुणी देत नाही.

"तुमच्या कानावर घालून ठेवलं," वहिनी म्हणाल्या. "तिला सांगू नका हं. हे म्हणतात, बारकीला कळलं तर ती माझ्या आधी जाईल."

बारकी म्हणजे आमची ही. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी दादाची बारकीच.

मी "नाही सांगत" म्हणालो, फोन ठेवला आणि समोरच्या फ्रिजचा दरवाजा उलट्या बाजूने बसवला. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं तेव्हा लक्षात आलं.

शुक्रवार, ७ मार्च

घरी मूलबाळ नाही. आम्ही दोघं आणि लोकांचे नादुरुस्त फ्रिज. अशा घरात एक गोष्ट लपवायची म्हणजे केवढी कठीण! तीन दिवस मूग गिळून बसलोय. काय ते नीट कागदावर मांडून बघतो.

माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. ताप आला, हाड मोडलं, कुत्रं मागे लागलं, वाईट बातमी आली, की मेंदू खाली निरोप धाडतो आणि या टोप्या रक्तात कॉर्टिसॉल सोडतात. त्याच्या जिवावर रक्तदाब टिकतो, साखर हाताशी येते, माणूस पायावर उभा राहतो. पुरेसं झालं की तेच कॉर्टिसॉल वर कळवतं, आता पुरे. मेंदू निरोप थांबवतो. डॉक्टरीणबाई चित्र काढून समजावत होत्या आणि मी मध्येच म्हणालो, "कळलं, थर्मोस्टॅट!" त्या म्हणाल्या, "साधारण तसंच." त्या 'साधारण'कडे मी काही लक्ष दिलं नाही.

हिच्या टोप्या बंद पडल्या आहेत. हिच्याच शरीराने त्यांना परकं समजून पोखरून टाकलं. आधी वर्षभर ही नुसती थकायची. तळहाताच्या रेषा काळवंडल्या. बरणीतलं मीठ चिमटीने खायची, आणि मी मूर्ख तिला म्हणायचो, मागल्या जन्मी बकरी होतीस. मग साधा ताप आणि उलट्यांचं निमित्त झालं आणि ही स्वयंपाकघरात कोसळली. रक्तदाब लागेचना. ती संध्याकाळ मला पुन्हा बघायची नाही.

तेव्हापासून सकाळी एक गोळी, दुपारी अर्धी, संध्याकाळी अर्धी. ताप आला तर दुप्पट. उलटी होऊन गोळी पोटात ठरली नाही तर इंजेक्शन, ते मी द्यायचं. त्यासाठी संत्र्यांवर सुई टोचून शिकलो. इंजेक्शन पहिल्या दिवशी मोठ्या काळजीने फ्रिजमध्ये ठेवलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याला फ्रिज लागत नाही. तीस वर्षांच्या धंद्यात एवढा अपमान झाला नव्हता.

आणि एक गंमत हिने सुरू केली. रोजच्या कटकटींना जादा गोळी लागत नाही, डॉक्टरीणबाईंनी तसं बजावलंच आहे. पण बातमी सांगायच्या आधी मी तिचा भाव गोळ्यांत सांगायचा, असा घरचा कायदा झाला. टाकी फुटली: पाव. शेजाऱ्याने पुन्हा शिडी नेली: पाव. माझी आई महिनाभर राहायला येतेय: अर्धी. "अर्धी कसली, पाऊण!" असं ही म्हणते आणि आम्ही हसतो. गोळी कुणी घेत नाही.

या बातमीचा भाव मला काढता येत नाही. आईबाप गेले तेव्हा ही सात-आठ वर्षांची. दादाने वाढवली. तो बस चालवायचा. घरी बघायला कुणी नाही म्हणून हिला दिवसभर बसमध्ये घेऊन फिरायचा. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून हिने शाळेचा अभ्यास केलाय. तो म्हणायचा, "आरशात दिसशील अशी बस." आजही कुठल्याही बसमध्ये चढलो की ही आधी आरसा बघते आणि मग जागा.

हे सगळं माहीत असताना मी तोंड कसं उघडू?

रविवार, ९ मार्च

संध्याकाळी दादाचा फोन. मेहुणे फोनवर बोलत नाहीत, ओरडतात. निम्मा जन्म इंजिनशेजारी गेला, त्याचा परिणाम. आणि यांची एक खोड आहे. आपलं बोलणं संपलं की "चल, ठेव!" म्हणायचं आणि धाडकन कापायचा. समोरच्याचं वाक्य पुरं झालं की नाही, त्यांना काय! ही दर वेळी चिडते.

आज आवाज तसा बेताचाच वाटला. बराच वेळ चाललं होतं. शेवटी शेवटी तर दोघंही गप्प, नुसते फोन कानाला लावून. मग हिनेच ठेवला आणि पाणी प्यायला आत गेली. मी म्हटलं, "काय म्हणतात साहेब?" म्हणाली, "मजेत आहे." बरं वाटलं. मेहुण्यांनी सोंग चांगलं वठवलं म्हणायचं.

बुधवार, १२ मार्च

आज डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या कुठेतरी जिना चढत होत्या. मी आडून आडून विचारलं, समजा हिला एखादा मोठा धक्का बसला, तर? त्या म्हणाल्या, "खरंच मोठा असेल तर तेवढे एक-दोन दिवस अर्धी जास्त द्या आणि मला कळवा. काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही, आपलं उगीच."

मग मला युक्ती सुचली. धक्का बसल्यावर गोळी देण्यापेक्षा टाकी आधीच भरून ठेवली तर? सकाळी अर्धी जास्त पोटात गेलेली असली म्हणजे दुपारी निर्धास्तपणे सांगता येईल. सांगून दिली तर ही विचारणार, कशाला? म्हणून चहातूनच द्यायची. उद्याच करतो.

गुरुवार, १३ मार्च

गोळी चमच्याने चुरली, चहात घातली. ही एक घोट घेऊन म्हणाली, "आज कडवट लागतोय." मी साखर वाढवली. दुपारी दुकान बंद करून घरी आलो. ही खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. मी म्हटलं, "ऐक ना." ती म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "सुई जपून."

धीर झाला नाही. उद्या.

शनिवार, १५ मार्च

कालही नाही, आजही नाही. रोज सकाळी टाकी भरतो आणि गाडी काही फाटकाबाहेर पडत नाही. गोळी मात्र रोज चहात जातेच, कारण रोज वाटतं, आज नक्की.

मला काय झालंय कळत नाही. पहाटे टक्क जाग येते आणि छाती धडधडत असते. दुकानात सारखी भूक लागते. दिवसभरात बिस्किटांचा पुडा फस्त करतो आणि पँट कमरेत दाटते. काल एका आजोबांवर खेकसलो. बिचारे फक्त बर्फ का साचतो एवढंच विचारत होते. गॅस भरताना हात थरथरतो. हवा बदलली असणार.

हिच्या तब्येतीची नोंद: उत्तम. गाल जरा भरलेत. युक्ती लागू पडतेय असं दिसतं.

बुधवार, १९ मार्च

हिचा उत्साह बघण्यासारखा आहे. मी पहाटे डोळे मिटून पडलेलो असतो तर ही उठून कपाटं आवरत असते. मी झोपलोय असं तिला वाटतं आणि मीही तसंच वाटू देतो. भूकही छान. खारे शेंगदाणे तर मुठी मुठी खाते.

औषधवाल्याशी भांडण झालं. हिच्या गोळ्या वेळेआधी संपत आल्यात. माझी चोरी धरूनही हिशेब जुळेना. मी म्हटलं, पाकिटं अर्धवट देतोस का रे? तो म्हणाला, काका, पाकीट सीलबंद असतं. बोलता बोलता माझा आवाज इतका चढला की रस्त्यावरची माणसं थांबली. घरी आल्यावर लाज वाटली. हिला सांगितलं तर ती एकदम म्हणाली, "त्याला कशाला बोलायचं? पडल्या असतील कुठेतरी." मनाची मोठी आहे.

फोन आता रोजच येतो. फोन यायच्या आधी ही आत जाऊन तोंड धुऊन, पाणी पिऊन, केस नीट करून येते. आवाज ऐकायचा तर केस कशाला नीट करायचे, असं मी चिडवलं. हसली नाही.

शुक्रवार, २१ मार्च

गेला आठवडाभर ही सदरा शिवतेय. मऊ जुन्या सुती कापडाचा, पुढून पूर्ण उघडा, बटणांऐवजी बंद. मला वाटलं माझ्यासाठीच. अंगाला लावून बघितला तर खांद्यात वीतभर मोठा. मी म्हटलं, "अगं, मी एवढा सुटलो नाही अजून." म्हणाली, "धुतल्यावर आटेल." धुतलेल्या जुन्या कापडाने आणखी किती आटायचं? पण शिवणातलं मला काय कळतं.

तिच्या हाताखालून तो सदरा घेताना क्षणभर वाटलं, आत्ताच सांगावं. तिने वर बघितलं. माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच आजारी आहे. म्हणाली, "तुम्ही बरे आहात ना?" मी म्हटलं, "मला काय धाड भरलीये!"

पुढच्या शुक्रवारी ऑपरेशन. आज वहिनींना म्हटलं, नंतर सांगितलं आणि तोवर काही बरंवाईट झालेलं असलं, तर ही माझं तोंड बघणार नाही. वहिनी नुसत्या "हं" म्हणाल्या. जन्मभर जिने दादाला आरशात बघितलं, तिला शेवटचं बघायला मिळालं नाही, आणि ते माझ्यामुळे, तर मी काय करू? आणि सांगितलं आणि ही पुन्हा तशीच कोसळली, तर काय करू? दोन्हीकडून माझीच मान अडकलीये.

सोमवार, २४ मार्च

आज ठरलेली तपासणी होती. सगळं नीट लिहायचा प्रयत्न करतो.

डॉक्टरीणबाईंनी हिचा चेहरा उजेडात वळवून बघितला. वजन, रक्तदाब. मग शांतपणे विचारलं, "झोप?"

"पहाटे जाग येते."

"भूक?"

"खूप."

"गोळ्या किती चालल्यात?"

"तुम्ही सांगितल्या तेवढ्याच," ही म्हणाली.

"नाही. जास्त जातायत."

मी लगेच पुढे झालो. "बाई, तो औषधवाला गोळ्या कमी देतो, मी त्याला—"

"कमी दिल्या असत्या तर चेहरा उतरला असता. हा भरलाय."

डॉक्टरीणबाई वाट बघत बसल्या. त्यांना घाई नव्हती.

"अर्धी मी घालतो," मी म्हणालो. "चहात."

आणि नेमकं त्याच क्षणी ही म्हणाली, "अर्धी मी घेते. दादाशी बोलायच्या आधी."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मी हिच्याकडे बघितलं, हिने माझ्याकडे.

"चहा त्याने कडू होता?" ही म्हणाली.

"तुला माहीत आहे?" मी म्हणालो.

"पहिल्या रविवारीच कळलं." ती माझ्याशी बोलत होती पण बघत होती स्वतःच्या हातांकडे. "दादाने जन्मात मला आधी फोन ठेवू दिला नव्हता. त्या दिवशी तो ठेवेचना. मी ठेवायची वाट बघत होता. म्हटलं, नक्की काहीतरी झालंय. दुसऱ्या दिवशी वहिनीला खोदून खोदून विचारलं. तिने सगळं सांगितलं आणि म्हणाली, तुझ्या नवऱ्याला कळू देऊ नकोस तुला कळलंय ते, त्याने शब्द दिलाय."

म्हणजे वहिनी सगळ्यांकडूनच शब्द घेऊन बसल्या होत्या! शहाणी बाई.

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्याकडे बघून." आता तिचे डोळे भरले. "रात्रभर कूस बदलता. हात थरथरतो. त्या औषधवाल्यावर ओरडून आलात. म्हटलं, मला कळलंय हे यांना कळलं तर आता माझीही काळजी करायला लागतील. यांना नाही झेपणार. आणि दादाशी हसून बोलायला अंगात बळच यायचं नाही, म्हणून घ्यायचे."

मला रडू आलं. डॉक्टरीणबाईंसमोर, छप्पन्नाव्या वर्षी. लपवण्यात अर्थ नाही, आलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी माझी चांगली हजामत केली. कुणाच्या नकळत त्याच्या पोटात औषध घालणं म्हणजे काय, ही काही साखर आहे का, पुन्हा असं केलंत तर या दारात पाऊल ठेवू नका. एकूण एक शब्द बरोबर होता. मग हिलाही झापलं. वाढवलेली गोळी एकदम तोडायची नाही, कशी उतरवायची ते मी सांगेन तसंच. मग जरा निवळल्या.

"तुम्ही थर्मोस्टॅट म्हणाला होतात ना," मला म्हणाल्या, "तिथेच तुमचं चुकलं. फ्रिजला आपण बाहेरच्या उन्हापासून दूर ठेवू शकतो. माणसाला नाही. हिला ताण येऊच द्यायचा नाही, हे आपलं काम नव्हतंच कधी. तो येणार. शरीरात पुरवठा होत नाही तेवढा बाहेरून करायचा, इतकंच काम. बातमी दाबली म्हणून ताण टळला का? उलट तो दोघांच्या रक्तात उतरला."

मग त्यांनी रक्तदाबाची पट्टी काढली आणि माझ्या दंडाला गुंडाळली. मी म्हटलं, पेशंट ही आहे. म्हणाल्या, गप्प बसा. आकडा बघून त्यांनी भुवया उंचावल्या. "पहाटे जाग, भूक, धडधड? तुमच्या टोप्या महिनाभर दोन पाळ्या करतायत."

"घ्या," ही नाक पुसत म्हणाली. "एकाच घरात माझा नळ कोरडा आणि यांची टाकी उतू चाललीये."

निघताना मी विचारलं, "हिला जाऊ द्यायचं का मग दादाकडे?"

"जाऊ काय द्यायचं? घेऊन जा."

बुधवार, २६ मार्च

काल दिवसभर प्रवास. बसमध्ये चढल्यावर हिने आरसा बघून जागा निवडली. मी मुद्दाम बोललो नाही.

हॉस्पिटलात मेहुण्यांची खाट खिडकीशी आहे. एवढा आडवातिडवा माणूस, आता चादरीखाली मावतो. हिला दारात बघून त्यांनी आधी वहिनींकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हिला कुणी सांगितलं?"

वहिनी पडदा सारखा करायला लागल्या. मी छताचा पंखा बघितला.

"तूच सांगितलंस," ही म्हणाली. "फोन न ठेवून."

हिने पिशवीतून सदरा काढला, त्यांना घातला, पुढचे बंद एकेक करून बांधले. खांद्यात बरोबर बसला. तेव्हा कुठे मला कळलं हो! आठवडाभर माझ्या नाकासमोर शिवत होती.

"काय गं बारके," मेहुणे हळूच म्हणाले. आमच्या घरचा कायदा त्यांना ठाऊक आहे. "किती गोळ्यांची बातमी आहे मी?"

"सकाळची नेहमीचीच घेतलीये, वर बाईंनी लिहून दिलेली अर्धी," ही म्हणाली. "ती प्रवासाची. तू तर पावसुद्धा नाहीस."

मेहुणे हसले आणि मग हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. हिने त्यांचं डोकं पोटाशी धरलं. मी आणि वहिनी बाहेर जाऊन उभे राहिलो. वहिनी म्हणाल्या, "मला शिव्या द्यायच्या असतील तर आत्ता द्या." मी म्हटलं, "तुमच्यामुळेच आम्ही इथे आहोत." दोघांनी चहा घेतला. कडू नव्हता.

शुक्रवार, २८ मार्च

सकाळी त्यांना न्यायला ढकलगाडी आली. उताणे पडलेले, वर दिवे सरकतायत. ही बाजूने चालत होती. दाराशी परिचारिका म्हणाली, आता इथेच थांबा. मेहुणे मान वळवून शोधायला लागले. म्हणाले, "दिसशील अशी उभी राहा गं."

ही धावत जाऊन पायाच्या बाजूला, अगदी समोर उभी राहिली. दार मिटेपर्यंत ते तिच्याकडे बघत होते आणि ही ताठ उभी होती. हसत होती. मला तेवढं जमलं नसतं.

दार मिटलं. माझं सगळं लक्ष हिच्याकडे. रंग बघतोय, ओठ बघतोय, खिशातल्या इंजेक्शनवर हात. पुढचं मला आठवत नाही. वहिनी सांगतात, मी "खुर्ची, हिला खुर्ची" असं म्हणालो आणि स्वतःच भिंतीवरून घसरत खाली बसलो.

परिचारिका पळत आली. हिच्या मनगटावर आजाराचं नाव लिहिलेली पट्टी कायम असते, ती बघून हिलाच धरायला लागली. ही म्हणाली, "मी नाही हो, हे!" ती बाई चक्रावून म्हणाली, "म्हणजे पेशंट नक्की कोण?"

"आज हे," ही म्हणाली.

मला बाकावर आडवं केलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यात महिनाभराची अपुरी झोप. हिने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि पर्समधले खारे शेंगदाणे एकेक करून माझ्या तोंडात घालत राहिली. म्हणाली, "मला कमी पडलं तर किती घ्यायचं ते बाईंनी लिहून दिलंय. तुमचं जास्त झालं तर काय करायचं, ते कुणी लिहूनच दिलं नाही." मग माझा हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरला. मी म्हटलं, "असं केलंस तर चालेल." तिने सोडला नाही. हळूहळू थरथर थांबली. या बाईला मी एवढी वर्षं काचेच्या भांड्यासारखी जपली, आणि तिच्याच मांडीवर डोकं ठेवून मला महिन्यात पहिल्यांदा झोप लागली.

उठवलं तेव्हा डॉक्टर समोर होते. गाठ निघाली. हृदयाने साथ दिली. पुढचं पुढे बघू, म्हणाले. ही माझ्याकडे वळून म्हणाली, "हा भाव तुम्ही सांगा."

रविवार, २७ एप्रिल

हिच्या तब्येतीची नोंद: गोळ्या पूर्वीसारख्या, चेहरा पूर्वीसारखा. कपाटं पुन्हा अस्ताव्यस्त. माझी नोंदही आता ठेवायची असा हुकूम आहे: झोप बरी, बिस्किटं बंद, रक्तदाब उतरतोय. औषधवाल्याची माफी मागितली. तो म्हणाला, काका, मी विसरलो पण होतो. त्या आजोबांचा फ्रिज फुकट दुरुस्त करून दिला.

मेहुणे घरी आल्याला दोन आठवडे झाले. आवाज इतके दिवस कुजबुजल्यासारखा यायचा, आणि शेवटी फोन हिलाच ठेवावा लागायचा. दर वेळी ठेवून झाला की ही जरा वेळ तिथेच बसून राहायची.

आज संध्याकाळी मी आतल्या खोलीत होतो. तरी ऐकू आलं. वहिनी जेवणात मीठ घालत नाही, हे जेवण आहे का औषध, खिडकीतून बसस्टॉप दिसतो, नवे ड्रायव्हर वळण घेतात का रस्ता झाडतात, असं बरंच काही. मी दाराशी येऊन उभा राहिलो. ही म्हणत होती, "दादा, ऐक ना, मी काय म्हणते, आज—"

"चल, ठेव!"

कापला.

ही फोन कानाशी धरून तशीच उभी. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी घाबरलो, सवयीने विचारलं, "किती?"

"शून्य," ती म्हणाली. हसत होती. "वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही मेल्याने!"

"काय सांगत होतीस त्यांना?"

"हेच," ती म्हणाली, "की आज तू आधी ठेव."